मोठ्यावर लाव

आमच्याकडे सुतकात टीव्ही लावत नाहीत. कुठल्या पोथीत लिहिलंय ते विचारायचं नाही. घरात कोणी गेलं की देव झाकायचे, पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांकडून आलेलं पिठलं-भात कसंबसं गिळायचं आणि टीव्ही बंद ठेवायचा. वडील गेले तेव्हा आमच्या जुन्या जाडजूड टीव्हीवर चादर टाकली होती, आणि तेरावं होईपर्यंत ती कोणी उचलली नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. सुतकात टीव्ही बघायची हौस कोणाला असते?

पण माझा धाकटा भाऊ गेला तो कॅनडात, आणि आम्ही मायलेकी इथे बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. त्याच्या डोक्यातली रक्ताची नळी फुटली. 'डॉक्टरांनी सगळं केलं, ताई,' असं भावजय फोनवर म्हणाली. सगळं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं? आईचा पासपोर्ट कधीच संपला होता. माझा चालू होता, पण व्हिसा नव्हता. त्याला इकडे आणायचं म्हणजे कागदपत्रांत किती दिवस मोडतील ते देव जाणे, आणि पदरात लहान मुलगी घेऊन भावजय बिचारी कुठे कुठे धावणार. तेव्हा तिकडेच सगळं करायचं ठरलं. आई रडली नाही. तिने एकच मागितलं. 'मला त्याचं तोंड बघू दे,' म्हणाली, 'बाकी मला काही नको.'

ते तोंड ती कशी बघणार होती हे कळायला आधी टीव्हीचं सांगायला हवं.

हा टीव्ही त्यानेच घेऊन दिलेला. मी वाघोडियाला एका पंपांच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, घरी येते ती अर्धमेली होऊन. मला कसली आलीय टीव्हीची आवड. एके दिवशी दारात दोन माणसं हा एवढा खोका घेऊन उभी, आणि फोनवर हा हसतोय. मी त्याला चांगलंच झापलं. दोन खोल्यांत हा हत्ती बांधायचा कुठे, पैसे झाडाला लागलेत का तुझ्या, असं सगळं बोलले. तो ऐकून घ्यायचा. लहानपणापासून माझं बोलणं तो पंख्याच्या आवाजासारखं ऐकत आलेला. सगळं संपल्यावर म्हणाला, 'तुझ्यासाठी नाही गं ताई, आईच्या डोळ्यांसाठी आहे.'

आईच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब झालाय. चष्म्याने सुधारण्यातला नाही. समोर बघितलं की बरोबर मधला भाग पुसला जातो आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. फोनवर त्याचा चेहरा अख्खाच्या अख्खा त्या डागात जायचा. ती फोन डोळ्यांजवळ घ्यायची, लांब धरायची, तिरका करायची, आणि शेवटी 'आवाज येतोय, पुरे झालं,' म्हणून माझ्या हातात द्यायची. मोठ्या टीव्हीवर मात्र ती स्टूल ओढून हातभर अंतरावर बसली की नाक-तोंड जायचं, पण कान राहायचे, कपाळ राहायचं, केस राहायचे. पहिल्यांदा तसा दिसला तेव्हा ती म्हणाली, 'आला बाई.' आणि लगेच, 'भांग उजवीकडे का पाडलाय?'

तो भांग हे आमच्या घरातलं जुनं भांडण. शाळेत असताना आई रोज सकाळी त्याची हनुवटी डाव्या हाताच्या चिमटीत धरून, केसांना तेल चोपडून, डावीकडे भांग पाडायची. पट्टीने आखल्यासारखा सरळ. तो तोंड वाकडं करायचा, ती चिमटी घट्ट करायची. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला, सयाजीगंजातल्या मित्रांच्या खोल्यांवर पडीक राहायला लागला, सेव-उसळीवर जगायला लागला आणि एक दिवस उजवीकडे भांग पाडून घरी आला. आई त्याच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. मग वाढताना म्हणाली, 'चेहराच बदलला तुझा.' तो कॅनडाला गेला, तिथे घर झालं, मुलगी झाली, केस विरळ व्हायला लागले, पण भांग उजवीकडेच राहिला. आई दर वेळी बोलायची. तो दर वेळी म्हणायचा, 'आई, इथला न्हावी ऐकत नाही.' मला वाटायचं, म्हातारीला दुसरा विषय नाही. तिला त्याचा तेवढाच भाग दिसतो, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

फोनवरचं टीव्हीवर कसं घ्यायचं हे त्याने मला शिकवलं त्याची तर वेगळीच कथा. शिकवणार तो व्हिडिओ कॉलवर, आणि जे करायचं ते त्याच फोनमध्ये. तो म्हणायचा, 'आता सेटिंगमध्ये जा,' मी जायची, की हा गायब. परत फोन. 'ताई, कॉल बंद नाही करायचा.' 'मग तू दिसत का नाहीस?' 'मी आहे गं, मागे आहे.' मग तो चौकोन. 'कोपऱ्यात छोटा चौकोन आहे बघ, त्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन वाकड्या रेघा.' मला दिसेना. रांगोळीच्या कोपऱ्यात कमळाच्या पाकळ्या काढतात तशा त्या रेघा होत्या, पण एवढ्याशा. शेवटी मी वैतागून म्हटलं, 'मेल्या, हळू सांग की.'

मेल्या हा माझ्या तोंडातला शब्द होता. दिवसातून दहा वेळा यायचा, प्रेमाने यायचा. आता घशापाशी येतो आणि तिथेच थांबतो.

त्याचा एक धडा मात्र पक्का होता. टीव्ही दिसेनासा झाला की माझा त्याला फोन, आणि त्याचं ठरलेलं उत्तर, 'दोघं एकाच वायफायवर आहेत का बघ. फोन एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असेल तर तो तुला सापडणारच नाही. एका घरात असून भागत नाही ताई.' मी म्हणायची, 'कळलं, कळलं, प्रोफेसर.' दर रविवारी संध्याकाळी, तिकडे त्याची सकाळ असताना, हा सोहळा व्हायचा. आई त्या दिवशी दुपारीच वेणी घालून बसायची. त्याने नुसते फोटो पाठवले असतील तरी फोनवर बघायची नाही. 'मोठ्यावर लाव,' म्हणायची. लावलं की स्टूल पुढे सरकवून बोट काचेवर टेकवायची, त्याच्या भांगावरून फिरवायची. सोमवारी बसला उशीर होत असताना मी ते डाग पुसायची आणि तिला बोलायची.

तो गेल्याचं कळलं त्या सकाळी सगळ्यात आधी समोरच्या बेन आल्या. गुजराती बाई, इतक्या वर्षांची शेजारीण. येऊन आईच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मग काका आले. हे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचे आजोबा दरबारच्या नोकरीत होते, त्यामुळे रीत काय आणि गैर काय हे घराण्यात त्यांनाच विचारायचं. माणूस वाईट नाही. वडिलांच्या मागे आमच्या दारात वर्षातून चार वेळा उभे राहणारे तेवढे एकच. त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला, मग टीव्हीकडे वळले. नुसता बंद करून त्यांचं समाधान होईना, कारण त्याचा तांबडा दिवा लागलेलाच होता. त्यांनी बोर्डातल्या सगळ्या पिना उपसल्या, टीव्हीची आणि त्याच्या शेजारची वायफायच्या डबीचीही, आणि वरून पांढरी चादर टाकली. मी बघत होते. मला त्यात काही गैर दिसलं नाही. माझं लक्षच नव्हतं.

मग भावजयीचा फोन आला. तिकडच्या पद्धतीप्रमाणे एका हॉलमध्ये त्याला ठेवणार होते. पहिला अर्धा तास शवपेटीचं झाकण उघडं, मग बंद, मग प्रार्थना आणि पुढचं सगळं. लांबच्या लोकांना बघता यावं म्हणून हॉलवाले एक लिंक देतात, ती तिने पाठवली. रेकॉर्डिंग ठेवू नका असं तिनेच सांगितलं होतं. 'उद्या मुलगी मोठी होईल, कुठे तिला सापडायला नको,' म्हणाली. मला ते पटलं. आईने माझ्याकडून फोन घेतला आणि तिला म्हणाली, 'सूनबाई, एक कर. त्याचा भांग डावीकडे पाड. शेवटचा तरी माझ्या मनासारखा असू दे.' पलीकडून 'हो आई,' एवढंच आलं.

इथे ती वेळ तिसऱ्या दिवशी संध्याकाळची येत होती. त्या दिवशी मी म्हटलं, दुपारीच एकदा टीव्ही लावून बघते, ऐनवेळी घोळ नको. काका म्हणाले, 'सुतकात टीव्ही? अगं, लोक बसायला येतायत. कोणाला चालू दिसला तर काय म्हणतील?' मी चिडले. म्हटलं, 'लोकांचा मुलगा गेलेला नाही काका.' मी आवाज चढवला की मला थांबता येत नाही, आणखीही बोलले असते. पण आईच म्हणाली, 'राहू दे गं. ते म्हणतात ते खोटं नाही. बसायला येणारे उठून गेले की वेळेवर लाव. त्याच्यापुरता लाव.' मग मी गप्प बसले. तिचा मुलगा, तिचा शब्द.

लोक मात्र उठेनात. बडोद्यात बसायला येणारा माणूस पाणी पिऊन लगेच जात नाही. जुन्या गोष्टी निघतात, तो लहानपणी पतंग काढायला कुठल्या गच्चीवर चढला होता ते निघतं. आई सगळ्यांना मान हलवून उत्तर देत होती आणि मधूनमधून चादरीकडे तोंड करत होती. शेवटी बेननी दारात उभं राहून एकेकाला 'जय श्री कृष्ण' करत वाटेला लावलं, तेव्हा वेळ अगदी येऊन ठेपली होती.

काकांनी स्वतः चादर काढली, नीट घडी घातली, आणि स्वतःच पिना परत बोर्डात घातल्या. मी फोनवर लिंक उघडली. टीव्हीचा पडदा उजळला आणि त्यावर आलं की नवीन अपडेट बसवत आहोत, कृपया टीव्ही बंद करू नका.

काकांनी ते मोठ्याने वाचलं. 'बंद करू नका म्हणतंय,' माझ्याकडे बघून म्हणाले. जणू त्यांनाच कोणी बजावलं होतं. खाली एक निळी पट्टी होती, ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. आई स्टुलावर बसलेली, हातभर अंतरावर, हात मांडीवर. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, 'आला का?' मी म्हटलं, 'येतोय.'

फोनवर लिंक सुरू झाली होती. कॅमेरा हॉलच्या मागच्या बाजूला, समोर खुर्च्यांच्या रांगा, काळे कोट, आणि पार पुढे फुलांमध्ये ती पेटी. एवढीशी. बेन म्हणाल्या, 'बा, फोनमां जोई लो ने.' आईने फोन घेतला, उजवीकडे धरला, डावीकडे धरला, डोळ्याच्या कडेशी नेला. मग माझ्याकडे दिला. 'मला नुसता उजेड दिसतोय. मोठ्यावर लाव. भांग तरी दिसेल मला.'

पट्टी संपली, टीव्ही काळा झाला, परत उजळला. मी फोनमध्ये चौकोन दाबला. टीव्ही सापडेना. पुन्हा दाबला, सापडेना. घामाने बोट सरकत होतं. आणि मला त्याचं बोलणं आठवलं, एका घरात असून भागत नाही. वायफायची डबी तीन दिवस बंद होती, म्हणून फोन आपला सिमकार्डच्या नेटवर चालू होता. टीव्ही वायफायची वाट बघत होता आणि डबीवरचा हिरवा दिवा अजून लुकलुकतच होता. मी सेटिंगमध्ये गेले. मागे लिंकचा आवाज चालू होता, कोणीतरी बाजाच्या पेटीसारखं काहीतरी हळू वाजवत होतं. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी परत लिंकवर आले तर कॅमेरा बदलला होता. आता तो पुढचा होता, जवळचा. लोक रांगेने त्याच्या जवळून जात होते. भावजयीची पाठ मी ओळखली. तिच्या खांद्यापलीकडे पांढरं अस्तर होतं आणि त्यात तो होता.

आणि मी कोपऱ्यातला चौकोन शोधत होते.

हे मी कितीदा आठवून पाहिलंय. माझा भाऊ माझ्या तळहातावर होता, जवळ, आणि माझे डोळे त्याच्या वरच्या कोपऱ्यात, तीन वाकड्या रेघांवर. चौकोन दाबला तर टीव्हीचं नाव आलं नाही. परत सेटिंग, वायफाय बंद, वायफाय चालू. हिरवा दिवा स्थिर झाला. फोनने वायफाय धरलं आणि तेवढ्यात लिंक तुटली. पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. काका म्हणत होते, 'शांतपणे कर.' बेन 'थई जशे', होईल होईल, म्हणून धीर देत होत्या. मी दोघांनाही गप्प बसा म्हटलं. लिंक परत उघडली, चौकोन दाबला, टीव्हीचं नाव आलं, ते दाबलं, आणि आमच्या भिंतीवर हॉल उघडला. केवढा मोठा, केवढा स्वच्छ.

झाकण लावलेलं होतं.

चकचकीत तपकिरी लाकूड आणि वर पांढरी फुलं. आई पुढे वाकली. तिचं बोट काचेवर गेलं, लाकडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. 'कुठे आहे?' तिने विचारलं. 'दिसत नाही गं मला. डोळ्यांपुढे आलंय का काही?'

शेवटी काकाच म्हणाले, 'झाकलं वहिनी.' आणि तो ताठ माणूस खाली जमिनीवर बसला, भिंतीला पाठ लावून, आणि हुंदके देऊन रडायला लागला. 'मी पिना काढल्या,' एवढंच म्हणत राहिला. मला त्यांचा राग आला नाही. कोणाचाच आला नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं.

आई तशीच बसून राहिली. टीव्हीवर कोणीतरी इंग्रजीत त्याच्याबद्दल बोलत होतं, चांगलं बोलत होतं. थोड्या वेळाने तिने मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्या कानाकडे. 'तू पाहिलंस ना? तुझ्या हातात होता तो. उघडं असताना पाहिलंस ना?'

'हो,' मी म्हटलं.

'कसा दिसत होता?'

'झोपल्यासारखा.'

'भांग कुठे होता?'

मी म्हटलं, 'डावीकडे. तू पाडायचीस तसा.'

आईने डोळे मिटले. तिच्या तोंडावरचा ताण सुटताना मला दिसला, आणि मग ती रडली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. रडता रडता माझा हात हातात घेऊन म्हणाली, 'तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं.' बेननीही डोळ्यांना पदर लावला. टीव्ही मी शेवटपर्यंत चालू ठेवला. ते लाकूड पडद्याआड गेलं, हॉल रिकामा झाला आणि लिंक आपोआप बंद झाली. काकांनी चादर उचलली, घटकाभर हातात धरली आणि परत खुर्चीवर ठेवून दिली. झाकली नाही.

पुढे जो भेटायला येईल त्याला आई ते सांगायला लागली. शेवटचं दर्शन झालं का, असं कोणी विचारलं की म्हणायची, 'माझे डोळे कुठे एवढे? पण ही होती ना. हिने पाहिलं. सूनबाईने डावीकडे भांग पाडला होता, मी सांगितलं तसा.' येणाऱ्यालाही बरं वाटायचं. मी पाणी आणायला आत जायची. मनातल्या मनात म्हणायची, असेलही डावीकडे. भावजय हो म्हणाली होती. मी नसेल पाहिला, पण असेल. असं धरून चालायला मला जमू लागलं होतं.

तेरावं होऊन गेल्यावर, मी कामावर जायला लागले होते तेव्हा, एका शनिवारी भावजयीचा फोन आला. आई बाहेरच्या खोलीत होती, मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. इकडचं तिकडचं झालं. मुलगी शाळेत जायला लागली, वडिलांची वाट बघत खिडकीत उभी राहते, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, 'ताई, आईंना एक सांगायचं राहिलंय. धीरच होत नाही. त्यांनी मला भांगाचं सांगितलं आणि मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण केस नव्हतेच हो. ऑपरेशनच्या आधी सगळे काढले होते. टाके दिसू नयेत म्हणून मी त्याला त्याची निळी लोकरीची टोपी घातली होती, आईंनी विणून पाठवलेली. तुम्ही पाहिलीच असेल.'

मी मेथीची जुडी हातात धरून उभी होते.

'हो,' मी म्हटलं, 'पाहिली.'

'आईंना वाईट वाटलं का फार?'

'नाही. आईला बरं वाटलं.'

ती रडायला लागली. म्हणाली, 'मला तेवढीच काळजी होती.' मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून तशीच उभी राहिले. निळी टोपी. तिच्या कडेला आईने पांढरी नक्षी घातली होती, डोळे बरे असतानाची तिची शेवटची विणलेली वस्तू. ती टोपी माझ्या हातात होती, पडद्यावर, जवळ, आणि मी ती पाहिली नाही. म्हणजे आईने पाहिलं ते माझ्या डोळ्यांनी, आणि माझ्या डोळ्यांनी काही पाहिलंच नव्हतं. आमच्या घरातून त्याला कोणीच पाहिलं नाही. तो तसाच गेला.

बाहेरून आईने विचारलं, 'कोणाचा फोन?'

'तुझ्या सुनेचा.'

'भांगाचं काही बोलली?'

'बोलली.'

'काय म्हणाली?'

मी तोंडावर पाणी मारलं, पुसलं, आणि बाहेर आले. 'तू सांगितलंस तसाच पाडला होता म्हणाली.'

'मग,' आई म्हणाली, 'मला माहीत होतं. चांगली आहे पोर.'

काल रविवार होता. आईने दुपारीच वेणी घातली होती. आता कॉल येत नाही, पण त्याने पूर्वी पाठवलेले व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत आणि संध्याकाळ झाली की ती म्हणते, 'मोठ्यावर लाव.' मी लावते. आता एका दमात लागतं, चौकोन कुठे आहे ते मला अंधारातही सापडेल. त्यातल्या एकात तो घरामागच्या अंगणात बर्फ उपसतोय, थांबतो, टोपी काढून डोकं खाजवतो आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, 'ताई, दिसतंय का आईला?' निळी टोपी. उजवीकडे भांग.

आई स्टूल पुढे ओढून बसली होती. तिचं बोट काचेवर त्याच्या केसांवरून फिरत होतं.

'बघ कसा उजवीकडे पाडलाय,' ती म्हणाली. 'जन्मभर ऐकलं नाही माझं. पण शेवटी ऐकलं हो.'

मी म्हटलं, 'ऐकलं.' आणि तिने सांगायच्या आत तो व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.